चढाई : एका ठळक, तिरप्या स्लॅब सेरिफच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आज काम पक्के झाले. कृष्णाकाठच्या एका कबड्डी मंडळाला जर्सी, मैदानावरचे फलक आणि प्रमाणपत्रे यांसाठी स्वतःचे अक्षर हवे आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. एकच वजन आणि एकच ढब: बोल्ड इटॅलिक, तेही स्लॅब सेरिफ. फाइलीला तात्पुरते नाव दिले, ‘चढाई’.

गेल्या हंगामाचे फोटो त्यांनी पाठवले होते. छातीवरचे गावाचे नाव छपाईवाल्याने साध्या फॉन्टमध्ये लिहून, कॉम्प्युटरवर ओढून तिरपे केले होते. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह फुटून त्याचे दोन तुकडे झालेले. गावाचे नाव मोडलेले घेऊन पोरे अख्खा हंगाम खेळली, याचे मला फार वाईट वाटले. हे काम हातात घेण्याचे निम्मे कारण तेच आहे.

मंडळाच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर एवढेच सांगितले, “अक्षर पळतंय असं वाटलं पाहिजे. पण तोल गेलाय असं नको. चढाईला गेलेला गडी वाकलेला असतो, पाय मात्र मॅटवर घट्ट असतात.” हे वाक्य कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवले आहे.

६ जून

मंडळाच्या पोरांना स्लॅब सेरिफ म्हणजे काय ते सांगायचे होते. सोनी आणि होंडा ही नावे डोळ्यांसमोर आणा म्हटले. अक्षराच्या टोकांना ज्या जाड, चौकोनी आडव्या पट्ट्या असतात त्या स्लॅब. पुस्तकातल्या नेहमीच्या सेरिफसारख्या त्या निमुळत्या होत जात नाहीत, दांड्याइतक्याच दणकट असतात. विटेवर खांब उभा करावा तसे अक्षर दिसते.

हा प्रकार जन्मला तोच ओरडून सांगण्यासाठी. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात तो ‘अँटिक’ या नावाने छापला. पुढे त्याला ‘इजिप्शियन’ म्हणू लागले, कारण नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड होते. अक्षराचा त्या देशाशी संबंध काहीच नाही. लॉटरी, नाटके, लिलाव यांची पोस्टरे रस्त्यावर चिकटू लागली होती आणि पुस्तकी अक्षर तिथे दुबळे पडत होते. १८४५मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने ‘क्लॅरेंडन’ आणले: पट्टी आणि दांडा यांच्या सांध्यात जरासा गोलावा, आणि मजकुरातला एखादा शब्द ठळक करायला सोयीचे. त्या क्लॅरेंडनला इटॅलिक नव्हते. तिरपे अक्षर हे त्याहून सुमारे साडेतीनशे वर्षे जुने, १५०१मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुत्सिओच्या छापखान्यात फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेले, आणि त्याचे मूळ भरभर लिहिलेल्या हस्ताक्षरात. म्हणजे एकाचा स्वभाव पोस्टरचा, दुसऱ्याचा वहीचा. बोल्ड इटॅलिक स्लॅबमध्ये हे दोन स्वभाव एका घरात नांदवायचे असतात. म्हणूनच चांगले बोल्ड इटॅलिक स्लॅब तुलनेने थोडे दिसतात.

फॉन्ट-कुटुंबात ही ढब सहसा सर्वांत शेवटी होते. आधी साधे, मग ठळक, मग तिरपे, आणि उरलेल्या वेळात ठळक-तिरपे. इथे तीच थोरली आणि तीच धाकटी आहे. तिला मागून कुणाचा आधार नाही.

११ जून

सांगलीतल्या एका जुन्या छापखान्यात गेलो. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, अजून चालते, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापतात. काकांनी मागच्या खोलीतला कप्पा उघडून पोस्टरचे लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, दाखवले, कुस्तीच्या मैदानांच्या जाहिराती यांवरच व्हायच्या. देवनागरी सगळे उभे. इंग्रजी कप्प्यात स्लॅबचे खिळे निघाले, तेही उभे. “तिरपा नाही का?” विचारल्यावर काकांनी शिशाचा एक लहान खिळा तळहातावर ठेवला, इटॅलिकचा स्मॉल एफ. त्याचे वरचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर आले होते आणि अर्धे तुटले होते. “अंगाबाहेर आलं की तुटतंच. म्हणून जुळारी तिरप्याला भ्यायचा.” जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा कामगार.

आज संगणकावर तुटायला काही नाही, पण अंगाबाहेर येणारे टोक शेजारच्या अक्षरात घुसते, हे दुखणे तसेच आहे. मोठ्या ठळक अक्षरात तर जास्तच.

लाकडी ‘म’ हातात घेऊन बराच वेळ बसलो. शिरोरेषेची कड बोटाला लागत होती. काकांनी दोन ठसे काढून दिले, पैसे घेतले नाहीत.

१४ जून

इंग्रजीपासून सुरुवात. कोन ११ अंश धरला. कॅपिटलची उंची ७०० एकक आहे (एकक हे फॉन्टच्या आखणीतले माप), म्हणजे माथा पायापेक्षा १३६ एकक उजवीकडे जातो. पोस्टरला शोभेल एवढा आणि दुरून कळेल एवढा.

पहिला प्रश्न पट्ट्यांचा. उभ्या स्लॅबमध्ये स्मॉल एमला खाली तीन पट्ट्या असतात, एकीला एक जवळजवळ टेकलेली. ठळक वजनात त्यांच्यामधल्या फटी बुजत येतात आणि तिरपे केले की अक्षर जमिनीला खिळल्यासारखे दिसते. वर धावणे आणि खाली अडकणे. ते सरांच्या वाक्याच्या उलट आहे. तीन वेळा काढून खोडले. शेवटी हस्ताक्षराकडे वळलो: स्मॉल एन, एम, एच यांच्या पहिल्या दांड्याला वर डावीकडे अर्धी पट्टी, म्हणजे आत येण्याचा स्ट्रोक, आणि शेवटच्या दांड्याला खाली उजवीकडे अर्धी पट्टी, म्हणजे बाहेर पडण्याचा. मधले पाय नुसते सपाट कापले. एका ठिकाणी आत शिरायचे, दुसऱ्या ठिकाणाहून निसटायचे. रात्री पाहिले तेव्हा पहिल्यांदा वाटले की हे अक्षर श्वास घेते आहे.

कॅपिटलना मात्र पूर्ण पट्ट्या ठेवल्या. जर्सीवर बहुतेक कॅपिटलच येणार, तिथे वीट हवीच.

हस्ताक्षराकडे वळण्याची उत्तम शिकवण मला पीटर माथियास नोर्डझाय यांच्या ‘सेसिलिया’ या फॉन्टने दिली, १९९०मध्ये आलेल्या. स्लॅब असूनही त्याचे इटॅलिक नुसते ढकललेले नाही, लिहिलेले आहे. किंडलवर वर्षानुवर्षे वाचताना ते कितीतरी जणांच्या डोळ्यांखालून गेले असेल.

१८ जून

ढकलून तिरपे केल्यावर काय बिघडते ते मापून लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

उभा दांडा १७० एककांचा होता. ११ अंश ढकलल्यावर तो लांबतो आणि तेवढाच बारीक होतो: साधारण १६७. आडवी पट्टी आहे तेवढीच राहते. फरक दोन टक्क्यांचा, पण ठळक स्लॅबमध्ये पट्ट्या एकदम जड वाटू लागतात. म्हणून पट्टी १२४वरून ११६ केली.

गोल ‘ओ’मध्ये याहून वाईट होते. उजवीकडे वर आणि डावीकडे खाली चरबी साठते. उरलेले दोन कोपरे रोडावतात. व्हीचा डावा हात जाडा होतो, उजवा लांब आणि किडकिडीत. कॅपिटल ए याच्या उलट. हे सगळे हाताने परत भरायचे. दिवसभर एकट्या ‘ओ’वर बसलो, पण तो नीट झाला की बी, डी, पी, क्यू अर्धे झालेच.

२६ जून

कॅपिटल पूर्ण. एसने तीन दिवस खाल्ले. बाकी ठीक.

२ जुलै

देवनागरी सुरू. पहिल्याच दिवशी चुकीच्या वाटेने गेलो.

इंग्रजीला पट्ट्या आहेत तर मराठीलाही द्याव्यात, म्हणून कान्याच्या तळाशी चौकोनी पट्टी लावली. ‘म’ आणि ‘स’ पाहून अंगावर काटा आला. ‘म’ची डावी गाठ आणि कान्याची पट्टी एकमेकींकडे सरकून खालचे तोंड बंद झाले. ‘त’ला पाय फुटला. ‘प’ आणि ‘ष’ शेजारी ठेवले तर दुरून ओळखेनात. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, ही अक्षरे मराठी वाटेनात. इंग्रजी बूट घालून उभी केल्यासारखी दिसत होती.

सगळ्या पट्ट्या काढल्या. फाइलीची प्रत ठेवली आहे, चुकीची वाट कोणती ते दिसावे म्हणून.

५ जुलै

काकांनी दिलेला ‘म’चा ठसा टेबलावर होता. जेवून आलो आणि तो उलटा पडलेला दिसला, शिरोरेषा खाली. त्या क्षणी कळले.

शिरोरेषा हीच आपली स्लॅब आहे. जाड, सपाट, आडवी, दोन्ही टोकांना चौकोनी. स्लॅबचे सगळे गुण तिच्यात आधीपासून आहेत. फरक जागेचा आहे. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभे असते, त्याची पट्टी पायाशी. मराठी अक्षर दोरीवरच्या कपड्यासारखे वरून लोंबते, त्याची पट्टी माथ्याशी, आणि शब्दभर एकच. मग मराठीत वेगळी स्लॅब शोधायची गरज नाही. आहे तिला तिचे पूर्ण वजन द्यायचे आणि खालचे पाय मोकळे सोडायचे.

शिरोरेषा ११६ एककांची केली, इंग्रजी पट्टीइतकीच. कान्याचा तळ सपाट कापला, एमच्या मधल्या पायासारखा. ‘सह्याद्री’ आणि इंग्रजी ‘सह्याद्री’ एकाखाली एक लावून पाहिले. दोन लिप्या, पण एकाच सुताराच्या हातच्या. आज फार आनंद झाला.

१० जुलै

कोन. मराठीलाही ११ अंश दिले तर अक्षरे खाली कोसळतात. कारण समजायला दोन दिवस लागले. मराठीत बहुतेक अक्षरांत लांब कान्याचा शिरोरेषेशी सांधा असतो. डोळ्याला तिथे काटकोनाची सवय आहे. तो काटकोन थोडा जरी मोडला तरी प्रत्येक अक्षरात पुन्हा पुन्हा मोजला जातो. इंग्रजीत पट्टी तोकडी, म्हणून तेवढाच कल कमी जाणवतो.

९ अंश, ७ अंश, मग ८. आठवर थांबलो. कागदावर दोन कोन वेगळे, डोळ्याला सारखे. घरच्यांना कोन न सांगता दोन्ही शब्द दाखवले आणि कुठला जास्त तिरपा ते विचारले. तिघांनीही सारखेच म्हटले.

देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही, मग तिरपी करायचीच कशाला, असा आक्षेप मला आदराने ऐकावासा वाटतो. मजकुरात एखाद्या शब्दावर जोर द्यायला मराठी लेखक ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हे वापरतात, आणि तेच बरे. पण टेम्पोच्या मागे, दुकानाच्या पाटीवर, मैदानाच्या भिंतीवर आपले पेंटर कित्येक वर्षे तिरपी देवनागरी रंगवत आले आहेत, सावलीसकट. ती परंपरा पुस्तकाची नाही, रस्त्याची आहे. स्लॅबही रस्त्यावरचीच. माझा फॉन्ट त्या घरचा आहे.

१६ जुलै

जाडी कुठे कमी करायची हा आजचा विषय. बोरूचा काप इंग्रजी टाकाच्या उलट तिरका, त्यामुळे देवनागरीत जाड-बारीक उलट कोपऱ्यांत पडते. स्लॅबमध्ये हा फरक फारसा दिसत नाही, पण ठळक वजनात सांध्यांपाशी शाई कमी करावीच लागते आणि तिथे जागा चुकली की अक्षर परके वाटते. इंग्रजी ‘ओ’ची सवय झालेला हात ‘व’च्या पोटात नेमका चुकीचा कोपरा बारीक करत होता. ‘व’, ‘ब’, ‘क’ तिन्ही परत काढले.

मग जोडाक्षरे. ‘महाराष्ट्र’ लिहिल्याशिवाय कोणताही मराठी फॉन्ट तपासला असे म्हणू नये. ‘ष्ट्र’मध्ये ष अर्धा, ट आणि त्याखाली दोन तिरक्या रेघांचा रकार, हे सगळे एवढ्या जाडीत एकावर एक बसवायचे. मी ट जरा वर ढकलून त्याचे पोट उथळ केले आणि रकार बारीक केला. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘झ’ यांच्या पोकळ्या निदान २५ एकक रुंद राहतील असा नियम ठरवला. 

ल पाकळीचा, श मराठी वळणाचा. झ, ण, ५, ८ हेही आपल्याकडच्या वळणाचे. यात तडजोड नाही.

२३ जुलै

आजचा दिवस ऱ्हचा.

युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःची जागा आहे. ऱ, हलन्त आणि मग य किंवा ह आला की डोळ्यावरच्या पापणीसारखी आडवी र दिसायला हवी: दऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाडी. मराठीची ही खास गरज फॉन्टच्या नियमांत लिहिली नाही, किंवा ती पापणी काढलीच नाही, तर शब्द फुटतो. छपाईवाल्याने काही मुद्दाम केले नव्हते. त्याच्या हातात आलेल्या फॉन्टमध्ये ती नव्हती, एवढेच.

पापणी काढणे सोपे वाटते. ठळक वजनात नाही. ती बारीक ठेवली तर शेजारच्या दांड्यांपुढे हरवते, जाड केली तर हलन्त-र न वाटता उपटसुंभ टपोरा ठिपका होते. तिची डावी बाजू निमुळती, उजवी जाड, आणि ती शिरोरेषेला न चिकटता ‘ह’च्या कमरेला टेकते. तिला ८ अंश कल दिला नाही, कारण ती आधीच तिरकी आहे. आणखी ढकलले की आडवी पडते.

रात्री साडेअकराला ‘कऱ्हाड’ अखंड उमटले. स्क्रीनचा फोटो सरांना पाठवला. सकाळी उत्तर आले: “झालं आपलं गाव.”

२४ जुलै

पहिल्या वेलांटीची कमान अक्षराच्या कान्यापर्यंत पोचावी म्हणून तिचे सहा वेगवेगळ्या रुंदीचे आकार केले. रफार आणि अनुस्वार एकत्र येतात तिथल्या जागा (र्कीं, र्थीं) हाताने लावल्या.

३१ जुलै

नमुना जर्सी छापून आली. पाठीवरचे नाव मधोमध लावूनही उजवीकडे सरकलेले दिसत होते. पट्टीने मोजले तर मध्य बरोबर. तरी दिसत होते.

कारण सापडले. तिरपे करताना अक्षर कोणत्या उंचीभोवती फिरवतो यावर ते कुठे दिसते हे ठरते. सगळे काही पायरेषेला धरून ढकलले होते. इंग्रजीत पाय जागेवर राहतात आणि माथा जातो, ते चालून जाते. तरीही नेहमीची पद्धत स्मॉल अक्षरांच्या निम्म्या उंचीला धरण्याची, म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे वाटले जाते. मराठीत मात्र शब्दाचे सगळे वजन शिरोरेषेत. ती माझ्या फाइलीत ६६० एककांवर आहे, म्हणजे ८ अंशांनी सगळीच्या सगळी ९३ एकक उजवीकडे गेली. डोळा शब्दाचा मध्य शिरोरेषेवरून काढतो, पायांवरून काढत नाही.

म्हणून मराठी अक्षरे शिरोरेषेला धरून तिरपी केली. रेषा जागेवर, मात्रा आणि वेलांट्या उजवीकडे झुकतात, कान्याचे तळ आणि उकार डावीकडे मागे जातात. शब्दाच्या आत यामुळे काही बदलत नाही, कारण सगळी अक्षरे सारखीच सरकतात. ओळीच्या सुरुवातीला आणि मधोमध लावलेल्या नावात सगळे बदलते.

आणि दिसायलाही फरक पडला असे मला वाटते, म्हणजे मनाने. गडी वरची दोरी धरून झेपावतो आहे, पाय मागे. आधी तो पाय रोवून पुढे वाकत होता. इंग्रजी अजून तसेच वाकते. दोन लिप्या धावतात, पण आपापल्या चालीने. हे मी ठरवून केले नव्हते, अक्षरांनीच करवून घेतले.

८ ऑगस्ट

अंक. मंडळाला पुढे इंग्रजी आकडा, मागे मराठी हवा आहे. इंग्रजी एकाला खाली पट्टी मिळते, सातालाही वर. मराठी अंकांना शिरोरेषाच नाही, म्हणजे स्लॅबच नाही. इथे मी कसलीही पट्टी चिकटवली नाही. २ जुलैची चूक एकदाच पुरे. टोके सपाट आणि जाड कापली, त्यातूनच नाते दिसते.

१५ ऑगस्टच्या तयारीसाठी शाळेचे मैदान मोकळे होते. प्रत्येक अंक मोठ्या कागदावर छापून एका पोराच्या पाठीला लावला आणि दुसऱ्या टोकाच्या व्हरांड्यातून बाकीच्यांनी ओळखायचा. १ आणि ९ यांत सर्वांत जास्त चुका. मग ६ आणि ९. घरी येऊन १ची पोकळी गोल आणि मोठी केली, शेपूट सरळ. ९ची वळणे रुंद करून तोंड उघडे ठेवले. दोन दिवसांनी परत गेलो, चुका थांबल्या. ५ आणि ८ यांच्याबद्दल मी घाबरलो होतो, ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ वाचले गेले.

एक चौथीतली मुलगी म्हणाली, “सात पळतोय.” तो ७ आता बदलणार नाही.

१३ ऑगस्ट

व्हिनाइल कापणाऱ्याकडे दिवस गेला. प्लॉटर या कापणीयंत्राचे पाते अक्षराची कड कापते, मग जादा भाग चिमट्याने ओढून काढायचा आणि उष्ण दाबाने जर्सीला लावायचे. छातीवर अक्षर सात सेंटिमीटर उंच, म्हणजे दहा एककांना एक मिलिमीटर. माझी २५ एककांची पोकळी अडीच मिलिमीटर झाली. ‘ज्ञ’ आणि ‘ष्ट्र’मधले तुकडे चिमट्यात येईनात, काही ओढताना शेजारचा धागा घेऊन आले. नियम ३५ एककांचा केला. तिरप्या पट्टीचे अणकुचीदार टोक धुतल्यावर पहिले सुटते असे त्यांनी सांगितले, म्हणून प्रत्येक टोकदार कोपरा दोन-तीन एककांनी बोथट केला. डोळ्याला दिसत नाही, कापडाला कळते.

२२ ऑगस्ट

वापराची दोन पाने लिहून दिली. कुठे वापरावे: छाती, पाठ, गुणफलक, कमान, सामन्याची जाहिरात, तिकिटाचा माथा, बातमीचा मोठा मथळा. कुठे वापरू नये: प्रमाणपत्राचा मजकूर, नियमावली, सलग दोन ओळींपेक्षा जास्त काहीही. ही ढब हाक मारण्यासाठी आहे. हाक मारून झाल्यावर बोलायला दुसरे अक्षर घ्यावे, उभे आणि साधे. प्रमाणपत्रावर खेळाडूचे नाव तेवढे ‘चढाई’त, बाकी सगळे शांत अक्षरात लावून दाखवले. सरांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावले आहे.

इंग्रजीत पूर्ण शब्द कॅपिटलमध्ये लिहिताना अक्षरांमध्ये जागा वाढवा, हेही लिहिले. मराठीत अक्षरांमध्ये जागा कधीच वाढवू नका, शिरोरेषा तुटते. हे मोठ्या टायपात लिहिले आहे.

४ सप्टेंबर

पहिली आवृत्ती दिली.

२० ऑक्टोबर

मंडळाने टेम्पो घेतला आहे, सामन्यांना जायला. मागच्या फाळक्यावर नाव रंगवायला गावातल्या पेंटर मामांना बोलावले. मी फॉन्टमधून मोठी प्रत काढून नेली होती. मामांनी ती एकदा नीट पाहिली, घडी करून खिशात ठेवली, सुताला खडू लावून दोन रेघा उमटवल्या आणि ब्रश घेतला. आधी पूर्ण शिरोरेषा, एका दमात, मग त्याखाली अक्षरे. माझा कोन त्यांनी न मोजता बरोबर धरला.

पण शिरोरेषेचे उजवे टोक त्यांनी वेगळे केले. माझ्या फॉन्टमध्ये ते कान्याच्या कलाने, ८ अंशांत कापलेले आहे. मामांनी ते शेवटच्या कान्यापुढे थोडे जास्त ओढले आणि बरेच तिरके छाटले, वरची कड लांब, खालची आखूड. “असं का?” विचारले. “थांबली रेघ की शब्द थांबतो. गाडी थांबायची न्हाय.”

ते बरोबर आहे. माझे टोक नीटनेटके होते, पण तिथे येऊन शब्द उभा राहत होता.

फॉन्टमध्ये हे सरळ करता येत नाही, कारण मधल्या अक्षरांची टोके पुढच्या अक्षराखाली दडायला हवीत, लांब तिरके टोक वर डोकावेल. म्हणून शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांना वेगळे टोक, आणि पुढे जागा किंवा विरामचिन्ह असेल तरच ते येईल असा नियम. कान्याने संपणारी अक्षरे आधी. ट, ठ, ड, ढ, द, ह यांचे शेवट वेगळे आहेत, त्यांच्यासाठी मामांकडे परत जायचे. त्यांनी रविवारी सकाळी बोलावले आहे, नेताना ‘कऱ्हाड’ आणि ‘मिरज’ मोठे छापून न्यायचे.